दापोलीचा झेला

आंब्याच्या दिवसांत कोकणात गेलात, तर एक दिवस दापोलीसाठी काढून ठेवा. खेडला उतरून एस.टी. धरावी. घाट चढून गाडी वर आली की वारा अंगाला गार लागतो. इंग्रजांच्या काळी इथे फौजेची छावणी होती, म्हणून हे 'कॅम्प दापोली'. इथेच १८ मे १९७२ रोजी कोकणासाठी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव त्याला पुढे मिळाले.

तुम्ही देशावरचे असाल तर इथली जमीन पाहून म्हणाल, यात पिकणार काय? तांबडी माती, खाली जांभ्याचा कातळ, आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. पण याच कातळावर हापूस उभा आहे.

हापूसचे दुखणे मात्र बागवालाच जाणे. वरून फळ सोन्यासारखे, आणि कापावे तर आत साका! पांढरट, आंबूस गर. गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा त्या पेटीला हात लावत नाही. शिवाय हापूस एका वर्षी धरतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. यावर दापोलीने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' दिला. त्यात साका नाही, रेषा नाही, आणि फळ हापूसहून मोठे. तरी मुंबईचा बाजार हापूसच मागतो, हेही सांगितले पाहिजे. जातीपेक्षा नावाला भाव आहे!

आम्हाला सर्वांत आवडला तो विद्यापीठाचा 'नूतन झेला'. दिसायला काय, तर लांब काठीला कडे, कड्याला पाते आणि खाली जाळी. पण त्यामागचा विचार पाहा. फळ हिसडून काढले की देठ मुळातून तुटतो आणि चीक सालीवर ओघळतो. तिथे डाग पडतो, आणि पिकताना फळ आधी तिथेच कुजते. या झेल्यात देठ पात्यावर कापला जातो. फळ बोटभर देठासह अलगद जाळीत येते, जमिनीवर आपटत नाही. काढणी चौदा आणे तयार फळाची, तीही उन्हाच्या आधी, आणि काढलेला आंबा लगेच सावलीत. पेटी भरणाऱ्या मायबहिणींना विचारा, डागी फळे बाजूला काढताना जीव कसा तुटतो ते. वर्षभराची राखण शेवटच्या हिसड्यात जायची!

जाताना विद्यापीठाच्या रोपवाटिकेत डोकावा. कलम घ्यायचे तर जोड नीट सांधला आहे ना, एवढे हाताने चाचपून पाहा. आणि परत निघताना खेडची गाडी किती वाजता सुटते ते आधीच विचारून ठेवा.