रंग गेला कुठे?

माझा नवाकोरा जांभळा कुर्ता आईने बादलीत बुडवला आणि पाच मिनिटांत पाणी जांभळंगार! माझं डोकंच सटकलं. शाम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती बास्केटमध्ये न टाकणारी मी. पाण्याची बाटली बीपीए-फ्री, लिपस्टिक लेड-फ्री. पुण्यातल्या मैत्रिणी मला 'लेबल इन्स्पेक्टर' म्हणतात. आणि बाराशे रुपयांचा ब्रँडेड कुर्ता असा दगा देतो?

''रंगच गेलाय न्हवं, कुर्ता हाय की!'' म्हणत आईने बादली मोरीत ओतली.

आमचं घर हातकणंगल्यात. वडापमध्ये बसलं की वीसेक मिनिटांत इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे अख्खं गाव मागाच्या खडखडाटावर जगू लागलं. कापड आलं तशी रंगाई आली, धुलाई आली. आईने बादली मोरीत ओतली. तिथला काळा ओढा आपलं नाव सार्थ करत थेट पंचगंगेला जाऊन मिळतो.

२०१२. माझी नववीनंतरची सुट्टी. इचलकरंजीत काविळीची साथ आली, हेपॅटायटिस ई. गरोदर बाईच्या तर हा आजार थेट जिवावर बेततो. माझी मावसबहीण तेव्हा सातव्या महिन्यात. मावशीने तिला रातोरात आमच्याकडे आणून सोडलं. दीड महिना आई घड्याळ लावून पाणी उकळायची, ताईचा ग्लाससुद्धा वेगळा. मला त्या सगळ्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू! ताई सुखरूप सुटली. तिच्या गल्लीतली, तिच्याच दिवसांतली एक मुलगी मात्र गेली. ताई आजही तिचं नाव काढत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट करते. ही कावीळ कापडाच्या रंगाने होत नाही. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की होते. पंचगंगेला दोन्हीचा आहेर आहे. कोल्हापूरपासून खाली गावागावांचं सांडपाणी, वर कारखान्यांचं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, 'नीरी'ने अभ्यास करून अहवाल दिला. इचलकरंजीने मात्र पाण्यासाठी दुसऱ्या नद्यांकडे हात पसरले. आधी वारणा, मग सुळकूडची दूधगंगा. दोन्हीकडच्या गावांनी विरोध केला. स्वतःची नदी घाण करून आमची मागता? या सवालावर माझ्याकडे तरी उत्तर नाही.

घराघरांनी आपापला मार्ग काढला. हल्ली आमच्याकडे रुखवतात मिक्सरशेजारी आरओ मांडतात! ज्याला परवडतं त्याचा प्रश्न मिटला. मग ओरडायचं कुणी?

ओरडलं की होतं, बरं का. काही ॲझो रंगांतून कॅन्सरला कारण ठरू शकणारी द्रव्यं सुटतात. नव्वदच्या दशकात जर्मनीने कपड्यांमधल्या अशा रंगांवर बंदी घातली आणि १९९७ मध्ये भारतातही बंदी आली. का? तर माल परत आला असता! गिऱ्हाइकाच्या कातडीची काळजी झटकन घेतली गेली. नदीला माल परत पाठवता येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि त्या गिऱ्हाइकांत मीही आलेच. आजवर एवढी लेबलं वाचली, पण 'माझ्या अंगाला काही होणार नाही ना?' याच्या पलीकडचा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्या रात्री मी कुर्त्याच्या ब्रँडला मेल टाकला : हे कापड कुठे रंगवलं? रंगाचं पाणी शुद्ध करून सोडता की तसंच?

चौथ्या दिवशी उत्तर आलं, अगदी गोड शब्दांत : पहिले दोन धुणे थंड पाण्यात, वेगळे करावेत.

आईला वाचून दाखवलं. ती खो-खो हसली. ताईची लेक, आता तेरा वर्षांची, शेजारीच बसली होती. म्हणाली, ''मावशी, त्यांना परत विचार की!''

दुसरा मेल तिनेच टाइप केलाय. अजून उत्तर नाही.