कंटेनरचा पूर्वेतिहास : कोठडीतला राजा

कंटेनर म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक नांदत असल्याचा आभास. २०१३ मध्ये डॉकर आले आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला; त्यामुळे इतिहासही तिथूनच सुरू होतो, असा समज रूढ आहे. प्रारंभ मात्र १९७९ चा.

त्या वर्षी बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ अवतरले. एखाद्या प्रोग्रॅमला एक डिरेक्टरी नेमून द्यायची. तेच त्याचे सारे जग. शेल, लायब्ररी, लागतील त्या फाइली आत नेऊन ठेवाव्या लागत.

जानेवारी १९९१. बेल लॅब्जमधील बिल चेसविक यांच्या यंत्राकडे एका घुसखोराने पासवर्डची फाइल मागितली. चेसविक यांनी बनावट फाइल धाडली आणि काही काळ तर यंत्राच्या वतीने स्वतःच उत्तरे टंकली! ते सोंग झेपेना, तेव्हा सीएचरूटच्या आधारे एक खोटे यंत्र रचून त्यांनी पाहुण्याला त्यात खेळू दिले. या कोठडीला ते ‘जेल’ म्हणत. (त्यांचा यावरील निबंध एखाद्या बखरीइतका वाचनीय आहे.)

परंतु ही कोठडी तकलादू होती. युनिक्समध्ये ‘रूट’ हा सर्वसत्ताधीश. आतल्याच्या हाती रूटचे अधिकार आले, की बाहेर निसटण्याच्या वाटा जाणकारांना ठाऊक होत्या. भिंत फाइलींपुरती, नेटवर्क आणि इतर प्रक्रिया मोकळ्याच. खरा पेच सत्तेच्या विभाजनाचा होता : सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाला राजेपद द्यायचे, पण राज्य त्याच्या आवारापुरतेच. पॉल-हेनिंग काम्प यांनी तो सोडवला. मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० सोबत त्यांचे ‘जेल’ आले. ते उभारण्यास चार गोष्टी पुरत : डिरेक्टरी, यंत्राचे नाव, आयपी पत्ता आणि आत प्रथम चालवायची आज्ञा. आतल्या रूटला ना बाहेरच्या प्रक्रिया दिसत, ना नेटवर्कची मांडणी बदलता येई.

सोलारिसचे झोन, लिनक्सचे नेमस्पेस ही पुढची ठाणी. गूगलच्या अभियंत्यांनी रचलेल्या सीग्रुपचे पहिले नावच ‘प्रोसेस कंटेनर’ होते. डॉकरने या तयार भिंती वापरल्या आणि खोलीतले सारे सामान एका इमेजमध्ये बांधून कुठेही नेण्याची सोय केली. त्याचे यश तिथे आहे. जोते मात्र सगळ्या खोल्यांना एकच, कर्नलचे. त्याला तडा गेला तर कुठलीच भिंत कामाची उरत नाही.

डेस्कटॉपवर हा पेच अधिक बिकट होतो. सर्व्हरवरील प्रोग्रॅम बहुधा नेटवर्कवरूनच बोलतो. डेस्कटॉपवरच्याला पडदा, कळफलक, कॅमेरा, सारेच हवे. त्यातच १९८४ मध्ये एमआयटीत जन्मलेल्या एक्स विंडो प्रणालीत एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेल्या कळा टिपता येतात. मग कोठडी कितीही भक्कम असो! म्हणूनच वेलँडने खिडक्या परस्परांपासून तोडल्या. फ्लॅटपॅकमध्ये ‘पोर्टल’ आले : वापरकर्ता निवडेल तेवढीच फाइल आत जाते. तरीही फ्लॅटपॅकमधील कित्येक प्रोग्रॅम आजही संपूर्ण होम डिरेक्टरीची परवानगी मागतात, आणि ती इन्स्टॉल करतानाच मिळून जाते.