रूळ काढलेली वाट

सायकल एकदा शिकली की माणूस ती जन्मभर विसरत नाही, असे म्हणतात. ज्याने हे म्हटले तो आमच्या पुण्यात राहिलेला नसावा. सायकल चांगली विसरता येते. इतकेच नव्हे, तर घरात तिचे नावही न काढता चाळीसेक वर्षे सुखाने संसार करता येतो. हे मी स्वानुभवाने सांगतो.

एके काळी पुणे म्हणजे सायकलींचे शहर होते. लग्नाआधी आमची सौ. सायकलवरून कॉलेजला जाई. लग्नानंतर ती शाळेत शिकवायला लागली तीही सायकलवरूनच. मी चालवायचो तो पोटापाण्यासाठी. ती चालवायची ते हौसेने. उतारावर तिने पायडल मारायचे थांबवले की मागच्या चाकाची किरकिर ऐकूनच मला घरी बसल्या कळे, की बाईसाहेब आल्या!

१९८६ साली एका संध्याकाळी पुलावर एका ट्रकचा तिच्या हँडलला धक्का लागला. पुढच्या छोट्या सीटवर आमची चार वर्षांची मुलगी होती. दोघी फुटपाथवर आपटल्या. देवाची कृपा, मुलीच्या भुवईवर तीन टाके पडले, तेवढ्यावर निभावले. ट्रक थांबला नाही. मी धावत दवाखान्यात गेलो आणि पहिले वाक्य काय बोललो असेन? "तुला बघून चालवता येत नाही?"

त्यानंतर ती सायकल वर्षभर जिन्याखाली उभी होती. मग भंगारवाल्याने नेली. "गुडघे दुखतात हो," असे सौ.ने सांगितले, आणि बसने जाऊ लागली. मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

हे सारे आठवायचे कारण असे की गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलीकडे फ्रान्सला गेलो होतो. ती लियों शहरात नोकरी करते. आयफेल टॉवर वगैरे रीतसर पाहून झाल्यावर ती एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, या शनिवारी आपण सायकलीने जायचं."

सौ.च्या हातातला घास हातातच राहिला. "मी स्टेशनावर बसून राहीन. तुम्ही या जाऊन."

"तिथे मोटारी नाहीत, आई. एकसुद्धा नाही."

असा रस्ता जगात असू शकतो, यावर मी तरी विश्वास ठेवला नाही. पण तो आहे. त्या देशात खेड्यापाड्यांतून पूर्वी आगगाड्या धावत. पुढे मोटारी आणि बसगाड्या आल्या, आगगाड्या ओस पडल्या आणि एकेक मार्ग बंद झाला. रूळ उचलून नेले. मागे उरली नुसती पट्टी, शेतांमधून, ओढ्यांवरून, गावांच्या कडेकडेने जाणारी. बर्गंडी प्रांतातल्या जिव्री गावापासून क्ल्यूनीपर्यंतच्या अशाच एका पट्टीवर डांबर घालून ती १९९७ साली सायकली आणि पादचारी यांच्यासाठी खुली केली. ती चव्वेचाळीस किलोमीटरची वाट फ्रान्समधली या जातीची पहिली. आता अशा वाटा देशभर आहेत. २००४ साली त्यांना वाहतुकीच्या कायद्यातही जागा मिळाली: इंजिन असलेल्या वाहनाने इथे पाऊल टाकायचे नाही. फ्रेंचमध्ये तिला 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. वाटेलाच 'व्वा' म्हणणारी भाषा मला तिथल्या तिथे आवडली!

शनिवारी आम्ही लियोंहून आगगाडीने माकोंला आणि तिथून बसने क्ल्यूनीला पोचलो. भाड्याच्या सायकली घेतल्या. सौ.चे शिरस्त्राण अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिने अंबाडा सोडून वेणी घातली. बऱ्याच वर्षांनी मी तिला वेणीत पाहिले. मुलीने सायकल धरली. सौ. चढली, दोन हात गेली, "अहो, धरा, धरा!" म्हणाली आणि उतरली. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी धरायला मी पुढे झालो, तर तिथे कोणी नव्हते! वेणी बरीच पुढे गेली होती.

या वाटेची खुबी तुम्हांला सांगतो. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे. म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी टेकडी दिसली की वळसा घातला, नाही तर ती खोदून काढली, आणि खोलगट जागी भराव टाकला. शंभर फुटांत दोन-तीन फुटांपलीकडे चढ येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा कटाक्ष. इंजिनाचा तो अशक्तपणा आज आमच्यासारख्यांच्या गुडघ्यांना उपयोगी पडतो. रस्ता चढतो आहे हे पायांना कळत नाही. मागे वळून पाहिले की डोळ्यांना कळते.

क्ल्यूनीहून उत्तरेला आम्ही ग्रोन नदीच्या खोऱ्यातून निघालो. दोन्ही बाजूंना कुरणे आणि त्यांत पांढऱ्या शुभ्र गाई. एका टेकडीवर तेझे गाव. तिथे १९४० साली एका स्विस धर्मोपासकाने आश्रम काढला. जगभरची तरुण मुले उन्हाळ्यात तिथे येतात. जुनी स्टेशने आणि फाटकवाल्यांची घरे अजून वाटेवर उभी आहेत. फलाट आला की माझा हात नकळत तिकिटासाठी खिशाकडे जाई. मोटारीचा रस्ता आडवा आला की तेवढे थांबायचे. पण अशा एका ठिकाणी मोटारवाला आपण होऊनच थांबला आणि हाताने 'जा' म्हणाला. सौ.ने मागे वळून पाहिले. आपल्यामागून कोणी मंत्री तर येत नाही ना!

एकच पंचाईत होती. फ्रान्समध्ये उजवीकडून चालायचे, आणि सौ. सारखी डावीकडे सरके. समोरून कोणी आले की मुलगी मागून ओरडे, "आई, उजवीकडे!" आणि सौ. दचकून हँडल वळवी.

कोर्मातँपर्यंत जाऊन आम्ही संध्याकाळी परत क्ल्यूनीला आलो. तिथे ९१० साली स्थापन झालेला एक मठ आहे. त्याचे चर्च एके काळी ख्रिस्ती जगतात सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर लोकांनी ते पाडून त्याचे दगड विकून टाकले. आता जेमतेम एक कोपरा शिल्लक आहे. त्या ओसाड जागेत बसल्या बसल्या माझ्या मनात आले, याच गावाने एक मोडलेली गोष्ट दगड दगड करून विकली आणि दुसरी मोडलेली गोष्ट जपून ठेवून तिची वाट केली. मोडलेल्या वस्तूचे काय करायचे, हे शेवटी ज्याच्या त्याच्यावर असते.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे माकोंच्या बाजूला निघालो. पाच-सहा किलोमीटरवर एक बोगदा लागतो, चांगला सोळाशे मीटर लांब. हिवाळ्यात तो बंद असतो, कारण आत वटवाघळे झोपतात! माणसांनी आपली सहल उन्हाळ्यावर ढकलावी, पण वटवाघळांची झोपमोड होऊ नये, असा तिथला न्याय.

आत शिरताच अंगावर गारठा आला. मंद दिवे, ओलसर भिंती. मुलगी पुढे निघून गेली होती. आम्ही दोघे शेजारी शेजारी चालवत होतो. चाकांचा आवाज घुमत होता आणि त्यात ती जुनी किरकिर मला ओळखू आली. सौ.ने पायडल थांबवले होते.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"मी त्या दिवशी डावीकडूनच चालले होते. अगदी कडेने."

'कोणत्या दिवशी' हे मला विचारावे लागले नाही.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "तेव्हाच ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

याला काय उत्तर द्यावे? मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जवळच्याच माणसावर ओरडतो. ट्रक निघून गेला होता. ओरडायला तीच तेवढी समोर होती. पुढे ते वाक्य परत घ्यायला दिवस कितीतरी मिळाले, पण रोज उद्यावर टाकत गेलो. एवढे सगळे मी त्या अंधारात, धापा टाकत, तुकड्या तुकड्याने सांगितले. शेवटी "चुकलं माझं," असेही म्हणालो. तोंड दिसत नसले की हे शब्द सोपे जातात.

ती काही बोलली नाही. पायडल मात्र पुन्हा फिरू लागले.

बोगद्याच्या तोंडाशी लख्ख ऊन होते. पलीकडे द्राक्षांचे मळे आणि टेकडीवर एक जुना किल्ला. मुलगी वाट पाहत उभी होती. "एवढा उशीर? आणि आई, तुझे डोळे का लाल?"

"वटवाघळं उडाली," सौ. म्हणाली आणि तिची भुवई हलकेच पुसून पुढे निघून गेली. उजवीकडून.

पुण्याला परतल्यावर सौ. एकदा आमच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली, पाच मिनिटे रहदारी बघत उभी राहिली आणि घरी आली. "आपल्याकडे नाही हो जमायचं," म्हणाली. तिचे खरे होते. गुडघे चाळीस वर्षांत कधीच दुखले नव्हते. वाट नव्हती.

तरी आमच्या जिन्याखाली सध्या एक सायकल उभी आहे. पहाटे साडेपाचला, सोसायटीत मोटारी झोपेत असताना, सौ. इमारतीभोवती फेऱ्या मारते. रोज अकरा. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा असतो. ती खालून गेली की म्हणतो, "व्वा!"

तिला वाटते मी तिचे कौतुक करतो आहे. मी तर फ्रेंचमध्ये वाटेला हाक मारत असतो.

नाही, खरे सांगायचे तर कौतुकच करत असतो. आता ते वेळच्या वेळी करायचे ठरवले आहे.