धुळीची बखर

गेल्या आषाढांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब गोव्यास गेलों होतों. पुतण्याचें बिऱ्हाड वास्को येथें. मंगेशी आणि शांतादुर्गा यांचीं दर्शनें झालीं. पुढें तीन दिवस पावसानें घराबाहेर पडूं दिलें नाहीं. चौथ्या दिवशीं पुतण्या म्हणाला, "काका, येथें हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. आज तेथें सर्वांस मुक्तद्वार आहे. अंटार्क्टिकाचा बर्फ पाहावयास मिळेल." चिंब भिजलेल्या त्या किनाऱ्यावर दक्षिण ध्रुवाकडील बर्फ, हें ऐकून प्रथम मौज वाटली. परंतु त्यांत नवल नाहीं. १९८१ सालच्या डिसेंबरांत डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालीं भारताची पहिली तुकडी अंटार्क्टिकास निघाली, ती गोव्याच्याच किनाऱ्यावरून.

उणें वीस अंशांच्या थंडाव्यांत जपून ठेवलेला बर्फ आम्हांस कांचेआडून दाखविण्यांत आला. छिद्र पाडण्याच्या यंत्रानें खोल हिमांतून काढलेले ते लांबट, गोल तुकडे होते. आम्ही त्यांस येथें हिमकांड म्हणतों. कांड हा शब्द उसाच्या पेरास लावतात, तसा ग्रंथाच्या भागासही लावतात. या वस्तूस तो दोन्ही अर्थांनीं शोभतो, हें पुढें दिसून येईल.

"यांत तुम्ही काय शोधतां?" आम्हीं तेथील एका तरुण संशोधिकेस विचारलें.

"पुष्कळ गोष्टी. त्यांतली एक धूळ," ती म्हणाली.

आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, धूळ पाहायला इतक्या दूर कशाला जायचें? आपल्या माळ्यावर काय कमी आहे?" ती मुलगी हसली. परंतु पुढें अर्धा तास तिनें जें सांगितलें, आणि घरीं परतल्यावर आम्हीं जें वाचलें, त्यानें आमच्या अडतीस वर्षांच्या मास्तरकीस चांगलाच धक्का बसला. तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

वाचकांनीं आतां मनानें आमच्याबरोबर अंटार्क्टिकाच्या पोटांत यावें. किनाऱ्यापासून हजार किलोमीटरांच्या सुमारास आंत 'डोम सी' नांवाचें एक पठार आहे. उंची सव्वातीन हजार मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. परंतु ही उंची खडकाची नव्हे, बहुतेक सारी बर्फाचीच. वर्षाचें सरासरी तपमान उणें चौपन्न अंश. झाड नाहीं, गवत नाहीं, नजर जाईल तेथवर पांढरा सपाट पसारा. इतकें असून तेथें हिम पडतें तें अगदीं थोडें. वितळवून मोजलें तर वर्षाकांठीं सुमारें पंचवीस मिलिमीटर पाणी. कोंकणांत एखाद्या तासांत याहून अधिक पाऊस पडतो. मात्र तेथें पडलेला कण वितळत नाहीं. यंदाच्या थरावर पुढच्या वर्षाचा थर बसतो, आणि भारानें खालचे थर दाबले जाऊन त्यांचा बर्फ होतो. हिमाबरोबर त्या त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपानें कोंडली जाते, आणि त्या हवेंतील धूळही तेथेंच अडकून राहते.

युरोपांतील दहा राष्ट्रांनीं मिळून या पठारावर छिद्र पाडावयास घेतलें, तें २००४ सालच्या डिसेंबरांत सुमारें ३,२७० मीटरांवर थांबलें. तेथपर्यंतच्या बर्फांत आठ लाख वर्षांची नोंद सांपडली. पुढें त्याच भागांत दुसरें छिद्र घेऊन २०२५ सालच्या आरंभीं बारा लाख वर्षांहून जुना बर्फ वर काढल्याचें प्रसिद्ध झालें.

या बर्फांतील धूळ मोजणें म्हणजे मोठें सोवळ्याचें काम. मोजणारास आधीं स्वतःची धूळ दूर ठेवावी लागते. गाळलेल्या हवेची खोली, अंगभर झगा, हातमोजे. हिमकांडाचा बाहेरचा भाग हात व हत्यार लागलेला म्हणून काढून टाकतात, आणि आंतला शुद्ध भाग वितळवून त्या पाण्यांतील कण यंत्रानें मोजतात. हे कण बहुधा एक मिलिमीटराचे पांचशें भाग करावे त्यांतल्या एका भागाएवढे. अशी धूळ वाऱ्यावर हजारों कोस जाऊं शकते. संस्कृतांत रजस् म्हणजे धूळ, आणि वेदांत तोच शब्द अंतरिक्षासही लावलेला आहे, याचें मर्म आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

आतां मोजदादीचा हिशोब पाहावा. आजच्यासारख्या उबदार काळांतील एक किलो बर्फांत सुमारें १५ मायक्रोग्रॅम धूळ असते. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, म्हणजे गेल्या हिमयुगाच्या ऐन भरांत, ती ८०० मायक्रोग्रॅमांवर गेली होती. पन्नास पटींहून अधिक. परंतु घाईनें अनुमान काढूं नये. त्या काळीं हिम आजच्या निम्मेंच पडत असे, म्हणून तेवढीच धूळ दाट दिसते. तो फरक वजा घातला तरी धूळ पडण्याचें मान आजच्या सुमारें पंचवीस पट भरतें. आणि असें एकदांच झालें असें नाहीं. आठ लाख वर्षांत प्रत्येक हिमयुगांत धूळ वाढली आहे व प्रत्येक उबदार काळांत ओसरली आहे.

ही धूळ आली कोठून? तिचें कुलगोत्र शोधण्याचीही रीत आहे. स्ट्रॉन्शियम व निओडिमियम या धातूंच्या हलक्या-जड अणूंचें परस्पर प्रमाण निरनिराळ्या प्रदेशांतील मातींत निरनिराळें असतें. तें ताडून पाहतां हिमयुगांतील बहुतेक धूळ दक्षिण अमेरिकेच्या टोंकाकडील पॅटागोनिया प्रांतांतली ठरली. तेथें अँडीज पर्वतावरील हिमनद्या जात्याप्रमाणें खडक दळीत होत्या. समुद्र सुमारें एकशें वीस मीटर खालीं गेला होता. जमीन कोरडी, वारा सोसाट्याचा, आणि पाऊस कमी. पावसाचें महत्त्व तर आम्हीं वास्कोसच पाहिलें. पुतण्याची बायको म्हणत होती, "उन्हाळ्यांत दिवसांतून दोनदां खिडक्या पुसाव्या लागतात, आतां हात लावावा लागत नाहीं." पाऊस हवा धुतो, तो नसला कीं धूळ दूरवर जाते. म्हणजे बर्फांतील धूळ मोजली कीं कोणत्या काळीं पृथ्वी किती कोरडी होती आणि वारे कसे वाहत होते, हें कळतें. शिवाय या धुळींतील लोखंडावर दक्षिण समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति पोसल्या, त्यांनीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषला, व त्यामुळें थंडी आणखी वाढण्यास हातभार लागला असावा, हा विचार जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९० सालीं मांडला.

येथवर आमचें कांहीं बिघडलें नव्हतें. युगें बदलतात, परंतु लक्ष वर्षांच्या हिशोबानें, असें समजून आम्ही स्वस्थ होतों. परंतु उत्तरेस ग्रीनलँडचाही असाच बर्फ काढलेला आहे. त्यांतील हिमयुगाची धूळ गोबी-तक्लामकान या आशियांतील वाळवंटांकडची. सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं, शेवटचा थंड काळ संपतांना, ही धूळ कांहीं दशकांतच झपाट्यानें उतरली. म्हणजे ज्या मुलानें दुष्काळी वाऱ्यांत डोळे उघडले, त्यानें म्हातारपणीं दुसरेंच हवामान पाहिलें.

हें वाचतांना आम्हांस आमच्या वर्गांतील एक मुलगा आठवला. पुष्कळ वर्षें झालीं. ऋतुचक्र हें कसें अढळ आहे, याचें वर्णन आम्ही रंगून करीत होतों. तो उठून म्हणाला, "गुरुजी, पूर्वीं पण असेंच होतें का?" आम्हीं त्यास, "पुस्तकांत आहे तेवढें लिही, खालीं बस," असें सांगितलें. तो बसला, आणि पुन्हां त्यानें कधीं कांहीं विचारलें नाहीं. त्या वेळीं आम्हीं वर्ग शांत ठेवला असें वाटलें होतें. आज वाटतें, आम्हांस उत्तर येत नव्हतें तें आम्हीं झांकलें.

आणि प्रश्न केवळ पूर्वीचाही राहिलेला नाहीं. त्या बुडबुड्यांतील हवा सांगते कीं, गेल्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण दहा लक्ष भागांत तीनशें भागांच्या आसपासच्या वर गेलें नव्हतें. आज तें चारशें वीसच्या पुढें गेलें आहे. एक कळ दाबली गेली आहे, आणि चक्र किती वेगानें फिरूं शकतें हें धूळ सांगत आहे.

परतीच्या वाटेवर आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, आपली धूळ पण तिकडे जाते का?" या खेपेस आम्हीं तिला गप्प बसविलें नाहीं. मागाहून शोधून तिला सांगितलें कीं, घरचा केर जात नाहीं, पण माणसाच्या कारखान्यांतील सूक्ष्म शिसें जातें. दक्षिण ध्रुवावर पहिलें मानवी पाऊल १९११ सालीं पडलें. परंतु ऑस्ट्रेलियांतील खाणी व भट्ट्यांचें शिसें अंटार्क्टिकाच्या बर्फांत १८८९ च्या सुमारासच उमटलेलें आढळलें आहे. आपण पोंचण्याच्या बावीस वर्षें आधीं आपला मळ तेथें पोंचला होता.

तो विद्यार्थी आतां स्वतः शिक्षक झाला आहे असें कळतें. पत्ता मिळवून आम्हीं त्यास पत्र पाठविलें आहे: "तुझा प्रश्न बरोबर होता. पूर्वीं असें नव्हतें. उत्तर द्यावयास उशीर झाला, क्षमा असावी." वाचकांच्या घरांतही मुलें असतील, आणि अवेळीं प्रश्न विचारीत असतील. उत्तर येत नसेल तर येत नाहीं म्हणावें. पण त्यांस खालीं बसवूं नये, एवढेंच या प्रवासांतून आम्हीं घरीं आणलें.