मधला खंड

घरात मधल्या मुलाचे जे होते तेच तीन खंडांच्या अद्भुत कादंबरीत मधल्या खंडाचे होते. थोरल्याचे कौतुक, धाकट्याचे लाड. मधल्याच्या वाट्याला थोरल्याचे कपडे आणि धाकट्याची राखण. मधल्या खंडालाही पहिल्यातली माणसे आयती मिळतात आणि तिसऱ्यासाठी ती जिवंत ठेवावी लागतात. मग लेखक त्यांना नुसता चालवतो. डोंगर, जंगल, नदी, पुन्हा डोंगर. आम्हीही श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करतो, पण निदान वाटेत चहा तरी मिळतो!

टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुळात एकच कादंबरी. कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन तुकडे केले. मधला 'द टू टॉवर्स' नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. पण नावातले दोन मनोरे नेमके कोणते, हे खुद्द लेखकाचेच ठरेना. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करावे आणि नावच विसरावे, तशातली गत! शेवटी नायक शत्रूच्या हाती सापडतो आणि पुस्तक संपते. वाचकांनी पुढे अकरा महिने कळ काढली.

आम्हा नाशिककरांना मात्र मधल्या खंडाला नावे ठेवायची सोय नाही. अमीश त्रिपाठींच्या शिवकथेचा मधला खंड, 'द सीक्रेट ऑफ द नागाज', २०११ साली आला. त्यात नागांची राजधानी कुठे? तर पंचवटीला! शिव तिथे पोचतो, मेला म्हणून ज्याच्यासाठी रडला तो मित्र समोर धडधाकट दिसतो, आणि पुस्तक खलास. तिसरा खंड २०१३ मध्ये. म्हणजे दीड वर्ष मुक्काम पंचवटी! कुंभमेळ्यातला पाहुणासुद्धा इतका राहत नाही.

मी हे तावातावाने सांगितले, तर सौ. म्हणाली, "अहो, रामायणात तरी पंचवटीला काय होतं? ना जन्म, ना लग्न, ना राज्याभिषेक. एक नाक कापलं जातं नि सीता पळवली जाते."

"बघ, म्हणजे रडगाणंच!"

"पण ते झालं नसतं तर हनुमान भेटला असता का?"

यावर मी गप्प. खरेच, आरंभी उत्साह असतो, शेवटी विजय असतो. तेव्हा सोबत कुणीही येतो. कंटाळवाण्या मधल्या वाटेवर कोण बरोबर चालते, तेच खरे कळायचे असते. आपण मध्यमवर्गीयांनी तर जन्मच मधल्या खंडात काढलेला. शाळेतली बक्षिसे मागे राहिली, पेन्शन अजून लांब. मधे बदल्या, हप्ते आणि चालणे.

"पिशवी घ्या," सौ. म्हणाली, "भाजी आणायचीय. चालतच जाऊ."