वाढत्या अंगाचं

मराठी घरात लहान मुलांचे कपडे घेताना एकच माप चालतं: वाढत्या अंगाचं. शाळेचा गणवेश, दिवाळीचा ड्रेस, रेनकोट, सगळं चार बोटं मोठं. पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी नीट बसतं, तिसऱ्या वर्षी धाकट्या मावसबहिणीकडे जातं. यात काटकसर असते आणि पोर वाढणार याची खात्रीही असते.

आमच्या लेकीच्या वेळी ही खात्री कुणालाच नव्हती. ती आठव्या महिन्यात झाली, १ किलो ६०० ग्रॅमची. तीन आठवडे एनआयसीयूमध्ये होती. अशा बाळांच्या त्वचेखाली चरबी फार कमी असते, त्यामुळे अंगातली ऊब टिकत नाही. तिच्या पोटावर एक सेन्सर चिकटवलेला होता आणि शेजारच्या स्क्रीनवर तिचं तापमान दिसायचं. ती रडायची तेही मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. तिला गार लागतंय का, हे आम्हाला तो आकडा सांगायचा.

घरी आणल्यावर स्क्रीन नव्हती. मग सुरू झालं गुंडाळणं. टोपरं, त्यावर कुंची, त्यावर दुपटं. ठाण्याच्या ऐन मे महिन्यात पंखा बंद. पाच वर्षं उलटली, पोर धडधाकट झाली, तरी आमच्या घरात अजूनही तिला विचारलं जातं, "गार वाटत नाहीये ना?" आणि तिने उत्तर द्यायच्या आधी कुणीतरी स्वेटर आणतं.

अशा घराने फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरवलं. काश्मीरमधला सगळ्यात कडक थंडीचा काळ, म्हणजे चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. आम्ही तो संपल्यावर पोचणार होतो. पण गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, फेब्रुवारीतही रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो. आणि आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे उठून पंखा एकवर करणं.

माझी आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला बर्फात न्यायचं?" मग जरा वेळाने, "लोकर कुठल्या रंगाची आणू?"

मी वाचायला लागले आणि पहिल्याच दिवशी आमच्या घराण्याचं शास्त्र कोलमडलं. कपडे ऊब तयार करत नाहीत. ऊब अंगाचीच असते. धाग्यांमध्ये आणि कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. काश्मिरी फेरन इतका ढगळ का असतो, तेही यातच आलं. आत हवा राहते आणि हातात कांगडीही मावते. एकावर एक पाच स्वेटर चढवून ते दाबून बसले तर हवेला जागाच उरत नाही.

दुसरं, घाम. पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. स्कीइंग शिकणारं मूल सतत पडतं, उठतं, चढ चढतं, त्याला घाम येतो. आत सुती बनियन असेल तर ते घाम पिऊन ओलंच राहतं आणि मूल थांबलं की गारठतं. त्यात लहान मुलांच्या त्वचेचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून ती आपल्यापेक्षा लवकर गार पडतात. म्हणजे जास्त गुंडाळलेलं मूलच आधी गारठू शकतं. हे आईला समजावणं सगळ्यात अवघड गेलं.

म्हणून तीन थर. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, अंगाबरोबर बसणारं. मध्ये फ्लीस किंवा लोकर. वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट, आणि छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्ट्यांची पँट, म्हणजे पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही. यातलं वाढत्या अंगाचं काय चालतं? जॅकेट आणि ही पँट. काही पँटच्या पायाशी एक जादा शिवण घातलेली असते. ती उसवली की पँट लांब होते. दुकानात ती शिवण बघून मला भरून आलं. जगात दुसरीकडेही कुणीतरी आपल्यासारखा विचार करतं.

काय चालत नाही, ती यादी मोठी निघाली. मोठा बूट चालत नाही. पाय आत हलला तर स्की ताब्यात राहत नाही. हे बूट पायाच्या सेंटिमीटरवर मोजतात. तिथे भाड्याने मिळतात, पण इतक्या लहान मापाचे आहेत का ते आधीच विचारून ठेवावं. मोजे एकच जोडी, गुडघ्यापर्यंतचे. दोन जोड्या घातल्या तर बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. थर्मलचा पायही बुटात कोंबायचा नाही. मोठं हेल्मेट चालत नाही, आणि त्याच्या खाली जाड कानटोपीही नाही. मफलर नाही, तो लिफ्टमध्ये अडकू शकतो; त्याऐवजी गळ्यात नळीसारखा नेक वॉर्मर. हातमोजे चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असे, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. शिवाय गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो.

आणि सगळं चढवण्याआधी शू. हा नियम कुठल्याही जॅकेटइतकाच महत्त्वाचा.

मधला थर आईने विणला. मी म्हटलं, "आई, या वेळी अंगाबरोबर. आत गोळा झाला तर तिला हात हलवता येणार नाहीत."

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दुसरा विण."

तिने टेप घेऊन नातीचं माप घेतलं. काखेत, मनगटाशी, दोन-दोनदा. आमच्या घरात मुलाच्या आजच्या मापाचा तो पहिला स्वेटर.

तयारीतला एक भाग मात्र बॅगेत भरता येत नव्हता. मूल गारठलंय की नाही हे बघायला मानेच्या मागे बोटं घालायची: कोरडी आणि उबदार असेल तर ठीक, घामट असेल तर एक थर काढायचा. ते मी शिकले. पण बोटांचं काय? हातमोज्याच्या आत मला दिसणार नव्हतं. आधी बोटं दुखतात, मग बधिर होतात, आणि बधिर झाल्यावर मूल कुरकुर करायचं थांबतं. तेव्हा ते शांत आहे म्हणून आपण निश्चिंत व्हायचं नसतं. हे तिनेच सांगायला हवं होतं, आणि पाच वर्षं आम्ही तिला सांगायची संधीच दिली नव्हती.

मग रोज संध्याकाळी खेळ. बर्फाचा खडा मुठीत धरायचा आणि सांगायचं: गार, दुखतंय, की काहीच कळत नाही? ‘काहीच कळत नाही’च्या आधी मूठ उघडायची. पहिले दोन दिवस ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या मुठीकडे बघितलं.

गुलमर्गमध्ये दुसऱ्या दिवशी, उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात त्या उतारावर, ती अकराव्यांदा पडून उठली आणि स्की काखेत धरून पेंग्विनसारखी माझ्याकडे आली. गाल लाल. माझा हात आपोआप तिच्या नेक वॉर्मरकडे गेला, तो वर ओढायला.

"आई, गरम होतंय. आजीचा स्वेटर काढ."

शून्याच्या आसपास तापमान, आणि मी बर्फात गुडघे टेकून तिचा स्वेटर काढत होते. जॅकेट परत चढवलं, झिप लावली, ती गेली. जेवायला थांबलो तेव्हा तो परत घालायचा, असं तिनेच बजावलं.

दुपारी आईला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"गळ्यात लाल लोकर दिसत नाहीये. स्वेटर कुठाय?"

"बॅगेत. तिला गरम होत होतं."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "तुला कसं कळलं?"

"मला नाही कळलं. तिने सांगितलं."