मिठूला हळद लागते

पोपट हिरवा असतो, याबद्दल आमच्या मौद्यात आजवर कधी दुमत झालं नव्हतं. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की कन्हानच्या काठी आमचं गाव लागतं. इथं दोन माणसांचं धानाच्या भावावर एकमत होत नाही, पावसावर होत नाही, पुढचा आमदार कोण यावर तर सख्ख्या भावांचं होत नाही. पण पोपटाच्या रंगावर होतं. भाषेनंच तो प्रश्न निकालात काढलाय. ‘पोपटी’ म्हटलं की साडीवाला न चुकता तोच गठ्ठा ओढतो. तेव्हा आमच्या आत्याच्या मिठूला पिवळी पिसं फुटली, ही गोष्ट गावानं थोडीशी मनाला लावून घेतली, तर नवल नाही.

तसा मिठूनं एकदा आधीही चकवा दिला होता. २०१२ सालच्या एप्रिलातल्या वादळात आत्याच्या परसातल्या कडुनिंबाच्या ढोलीतून हे पिल्लू खाली पडलं. मांजराच्या आधी आत्या पोचली. तिनं त्याला ‘मैना’ म्हणून वाढवलं. तिसऱ्या वर्षी या मैनेच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी फुटली. कंठी नरालाच येते आणि ती यायला दोन-तीन वर्षं लागतात, हे तोवर घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आत्यानं उभ्या उभ्या दुसरं बारसं उरकलं. "बर्फी वाटली असती तं आता पेढे वाटा लागले असते," एवढंच म्हणाली.

काका गेल्यावर आत्या एका माणसाचा स्वयंपाक करायला काही शिकली नाही. दुसरं ताट मिठूचं. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, मग तर्री-पोहे, दुपारी तूप घातलेला वरणभात, संध्याकाळी चिवड्यातले शेंगदाणे, आणि मधल्या वेळात चाळा म्हणून सूर्यफुलाच्या बिया. तर्रीचं नाव काढलं की पुण्याचे पाहुणे घाबरतात. मिठू मात्र भिवापुरी मिरची पेरूसारखी खायचा. यात त्याचा पराक्रम काही नाही. पक्ष्यांना मिरचीची आग जाणवतच नाही. निसर्गानं त्यांना सावजी जेवायचा परवाना जन्मतःच दिलेला आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात मिठूची पिसं झडून नवी येऊ लागली आणि डाव्या पंखात एक पीस पिवळंधमक निघालं. मग दुसरं. मग मानेवर तीन.

पहिलं निदान शेजारच्या निवृत्त गुरुजींनी केलं. पिंजरा स्वयंपाकघरात, फळीवर मसाल्याचा डबा, अर्थात हळद सांडली! त्यांनी रुमाल ओला करून पीस पुसलं. रुमालाला रंग लागला नाही, बोटाला चोच लागली. पानठेल्यावरचं मत वेगळं पडलं. "रंगवलेला माल हाये, राजेहो. आता वरचा रंग उडून राह्यला." ही शंका अगदीच वेडगळ नव्हती, पक्ष्यांच्या बाजारात साध्या मुनियांना रंग फासून विकतात, ही खरी गोष्ट आहे. पण मिठू बाजारातून नव्हे, झाडावरून आला होता, आणि कडुनिंबाला रंगकाम येत असल्याचं ऐकिवात नाही. बायकांनी तर पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं: "मिठूले हळद लागली! नवरी कुठची हो?"

इथवर सगळं थट्टेवारी चाललं होतं. पण एका गुरुवारी कुणाच्या तरी लक्षात आलं की आज गुरुवार आहे आणि पक्षी पिवळा आहे. पिवळा म्हणजे गुरूचा रंग. झालं! पुढच्या गुरुवारी चणाडाळ आणि गूळ घेऊन सात बाया आल्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी वीस. मग बुंदी आली, बेसनाचे लाडू आले. मिठूनं कुणालाही विन्मुख पाठवलं नाही. पोपटाची पिसं एकदम झडत नाहीत, महिनोन्‌महिने थोडी थोडी बदलत राहतात. त्यामुळे दिवाळीपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी नवं पिवळं पीस दिसायचं, आणि प्रत्येक पिसासरशी लाडवांची संख्या वाढायची. भाविक खूश, मिठू खूश. त्या दोन महिन्यांत आत्याच्या ओसरीवर जेवढी माणसं आली तेवढी काकांच्या तेराव्यालाही आली नव्हती, आणि आत्याही, खोटं कशाला बोला, खूश होती.

पौषात मिठू बोलायचा थांबला. "आत्या, चाय मांड" हे त्याचं पहाटेचं वाक्य बंद झालं. चोच वाढून वाकडी व्हायला लागली. तेव्हा मग टोपलीवर फडकं बांधून मी आणि आत्या त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. पुढे दोन म्हशी, एक गोऱ्हा आणि चार शेळ्या. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. सवयीनं म्हणाले, "दूध किती देते?"

पण माणूस जाणता निघाला. दवाखान्यातल्या काट्यावर मिठूचं वजन दिसेचना, तेव्हा त्यांनी आम्हाला सोनाराकडे पिटाळलं. मिठू १७० ग्रॅम भरला. सोन्याच्या भावानं त्याची किंमत किती, हे सोनारानं न विचारता सांगितलं. डॉक्टरांनी मात्र कपाळाला आठी घातली. या जातीचा पोपट १२० ग्रॅमच्या आसपास असायला हवा. पिसं वेडीवाकडी नव्हती, म्हणजे पोपटांची पिसं खराब करणारा एक विषाणू असतो तो बहुधा नसावा. वाढलेली चोच, वजन, रंग आणि आत्यानं अभिमानानं सांगितलेला दिनक्रम या सगळ्यांवरून त्यांना संशय आला तो यकृताचा. अकबराचा पोपट मेल्याची बातमी बिरबलानं ज्या बेतानं सांगितली, त्याच बेतानं ते आत्याला म्हणाले, "याच्या पोटात फार प्रेम साठलंय."

मग त्यांनी टोपलीतलं एक गळलेलं हिरवं पीस उचललं आणि खिडकीच्या उजेडासमोर आडवं धरलं. हिरवा रंग नाहीसा! पीस मळकट, पिवळट-तपकिरी दिसायला लागलं. पोपटाच्या पिसात हिरवा रंग नसतोच, ते म्हणाले. असतो फक्त पिवळा. त्याच्या आत बारीक बारीक पोकळ्यांची एक जाळी असते, ती उजेडातला निळा तेवढा परतवते. आभाळात तरी निळी शाई कुठं असते? जाळीच्या मागे काळं द्रव्य असतं, ते बाकीचा उजेड गिळतं. निळ्यावर पिवळा पडला की आपल्याला हिरवं दिसतं. पीस घडताना शरीर कमी पडलं आणि ते काळं भरलंच गेलं नाही, तर निळं दिसत नाही आणि उरतो नुसता पिवळा. म्हणजे सगळं गाव मिठूला काय लागलं ते शोधत होतं, आणि मिठूचं काहीतरी गेलं होतं.

हळद खाऊनही हे होत नाही. उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी खाण्यातून गुलाबी होतात. पोपट मात्र आपला पिवळा घरीच बनवतो, तोही पोपटांखेरीज दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला जमत नाही असा. तरीही खाण्याचा आणि रंगाचा संबंध फार जुना आहे. अमेझॉनच्या जंगलातले लोक हिरव्या पोपटांना मोठ्या माशांची चरबी चारतात आणि त्यांना लाल-पिवळी पिसं येतात, असं वॉलेसच्या हवाल्यानं डार्विननं १८६८ साली लिहून ठेवलंय. ते मी नंतर वाचलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मंग माशाची का होईना, थे पण चरबीच."

"आता औषध?" आत्यानं विचारलं.

"मोड आलेले मूग, पालक, शेवग्याचा पाला, पेरू, सकाळचं ऊन. तेल, तूप, साखर, चहा बंद. आणि वाट बघा. आलेलं पीस नखासारखं असतं, ते आता बदलणार नाही. पुढच्या पावसाळ्यात गळेल, तेव्हा खालून काय येतं ते बघायचं." एवढं बोलून डॉक्टर जरा थांबले. "आणखी एक. हा पक्षी घरी ठेवता येत नाही. १९७२ चा कायदा आहे. आधी चौथ्या अनुसूचीत होता, १ एप्रिल २०२३ पासून दुसऱ्यात गेलाय. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं द्यावा लागेल."

"मी कुठं ठेवला जी? पिंजऱ्याचं दार उघडंच असते. थोच राहून राह्यला."

डॉक्टर काही बोलले नाहीत.

"असा पिवळा, दुखणाईत कोणाच्या दारात नेऊन टाकू? हिरवा होऊ द्या त्याले. मंग मीच नेतो."

डॉक्टर त्या वेळी खिडकीबाहेरच्या म्हशीकडे फार लक्षपूर्वक बघत होते.

पथ्य सुरू झालं. मिठूनं पहिले आठ दिवस मोडाचे मूग एकेक करून भिंतीवर फेकले. गुरुवारच्या बायांचं काय करावं, हा प्रश्न मात्र आत्यानं असा सोडवला की मी थक्क झालो. तिनं फाटकावर पाटी लावली: ‘मिठूला उपवास आहे. प्रसाद टाकू नये.’ यकृत म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. उपवास म्हटल्यावर बाया हात जोडून परत जायला लागल्या. एकीनं उपवासाचे म्हणून साबुदाण्याचे वडे आणले, ते मी खाल्ले.

आत्यानं पिवळी पिसं मोजली. तेवीस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी तिनं ‘२३’ लिहिलं. होळीच्या सुमाराला पहाटे चहाची मागणी पुन्हा ऐकू आली. ती नामंजूर झाली. जुलैत पिसं गळायला लागली. कॅलेंडरवर १९ आलं, १४ आलं, गणपतीत ९. पोळ्यापासून तर आत्या आकडा लिहिण्याआधी दोनदा मोजायची, आणि दुसऱ्या खेपेला हमखास एखादं पिवळं पीस जास्त भरायचं. मी शोधायला गेलो तर मला ते सापडायचं नाही. तरी पालक रोज ताजाच आणायची. सकाळी उन्हात बसवायची. जे पीस हिरवं आलं की मिठू जाणार, त्याच पिसासाठी शेवग्याला हात पुरत नाही म्हणून स्टुलावर चढायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, घाई काय आहे?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शेवग्याची पानं निवडत राहिली.

२०२४ ची दिवाळी झाली आणि एका बुधवारी तिनं स्वतःच फडकं काढलं. गुरुवारी बाया आल्या असत्या. बसमध्ये टोपली तिच्या मांडीवर होती. नागपूर येईपर्यंत मिठू कंडक्टरकडे चहा मागत होता. सेमिनरी हिल्सवरच्या त्या मुलांनी त्याला शहाण्यासारखं हाताळलं. पंख उघडून पाहिले, चोच पाहिली, वजन केलं. १२८. "माणसांत वाढलाय, लगेच सोडता नाही येणार, आधी इतर पोपटांत ठेवू," असं त्यांनी सांगितलं. आत्यानं पिशवीतून मोडाच्या मुगाचा डबा काढून टेबलावर ठेवला.

एक मुलगी कागदावर नोंद करत होती. जात लिहिली, नर लिहिलं, रंगापुढे ‘हिरवा’ लिहिलं.

"डाव्या पंखात दोन पिवळे हायेत," आत्या म्हणाली. "थे बी लिहा."